अंटार्क्टिका खंडाचा पाठ

आपल्या शाळांतील पृथ्वीगोल नीट पाहिला, तर अंटार्क्टिका खंड नेमके गोलाच्या तळाशी, जेथे आस दांडीत बसवलेला असतो तेथे, झाकले गेलेले दिसते. भिंतीवरच्या नकाशात ते खालच्या कडेस पांढऱ्या पट्टीसारखे ताणलेले असते. साहजिकच हे खंड म्हणजे नकाशाची केवळ किनार होय, असा मुलांचा ग्रह होतो. पुस्तकातील चार ओळी पाठ होतात, आणि उत्तरपत्रिकेत कित्येक मुले तेथे एस्किमो व पांढरी अस्वले नेऊन बसवतात. ही समजूत दूर व्हावी, आणि हे खंड आपल्या जिल्ह्यापासून वाटते तितके अलिप्त नाही हे मुलांस उमगावे, एवढ्यासाठी पुढील माहिती दिली आहे.

चोपड्यापासून सरळ दक्षिणेस

पाठाचा आरंभ पृथ्वीगोल उलटा धरून करावा. नंतर एक दोरा घेऊन तो चोपड्यापासून रेखावृत्ताच्या दिशेने थेट दक्षिणेकडे ताणावा. केरळचा किनारा ओलांडला की पुढे केवळ हिंदी महासागर लागतो, आणि दोरा पुन्हा भूमीला टेकतो तो अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याशीच. तेथे लार्समन टेकड्यांत आपल्या देशाचा ‘भारती’ नावाचा संशोधन तळ आहे. तो सुमारे ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि आपल्या जिल्ह्यातील रावेर जवळजवळ त्याच रेखांशावर वसलेले आहे. चोपडा त्याहून एक अंशाच्या आतच पश्चिमेस पडते. अक्षांशांतील अंतर मात्र ९० अंशांहून किंचित अधिक, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा चौथा हिस्सा, सुमारे १०,००० किलोमीटर भरते.

रेखांश एक असल्यामुळे मध्यान्ह दोन्हीकडे एकाच सुमारास होते. ऋतू मात्र उलटे असतात. मे महिन्यात खानदेशात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा भारतीवर हिवाळ्याची दीर्घ रात्र जवळ आलेली असते. जूनच्या मागे-पुढे सुमारे दोन महिने तेथे सूर्य उगवत नाही, आणि डिसेंबरच्या सुमारास तितकाच काळ तो मावळत नाही. पृथ्वीच्या कललेल्या आसाचा पाठ शिकवताना याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

खंडाचे स्वरूप

अंटार्क्टिकाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक आहे. त्यातील सुमारे ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे, व बर्फाची जाडी सरासरी २ किलोमीटरच्या आसपास भरते. सातपुड्यातील अस्तंभा शिखर १,३२५ मीटर उंच आहे. ते तेथे नेऊन ठेवले, तर बर्फात पुरते बुडून जाईल. पृथ्वीवरील एकूण बर्फापैकी सुमारे ९० टक्के बर्फ एवढ्या एका खंडावर साठलेले आहे. तथापि तेथे हिमवृष्टी अत्यल्प होत असल्याने शास्त्रज्ञ या खंडाची गणना वाळवंटात करतात. २१ जुलै १९८३ रोजी तेथील व्होस्टोक तळावर उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले.

हे खंड पूर्वी असे नव्हते. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका ही एकसंध भूमी होती. तिला गोंडांच्या प्रदेशावरून ‘गोंडवन’ हे नाव पडले. नागपूरजवळील कामठीच्या परिसरातील खडकांत ग्लोसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे आढळतात. तेच ठसे अंटार्क्टिकाच्या खडकांतही मिळाले आहेत.

शोधाचा इतिहास

या खंडाचे दर्शन मानवास प्रथम १८२० साली झाले. दक्षिण ध्रुवावर पहिले पाऊल १४ डिसेंबर १९११ रोजी नॉर्वेचे रोआल्ड आमुंडसेन यांचे पडले. त्यांनी कुत्र्यांच्या घसरगाड्या वापरल्या होत्या व वाटेत ठिकठिकाणी अन्नाचे साठे करून ठेवले होते. इंग्लंडचे रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचले, आणि परतीच्या वाटेवर ते व त्यांचे चारही सहकारी मरण पावले. पुढे त्यांचा तंबू सापडला, तेव्हा तेथे सुमारे १६ किलो दगड होते. शरीरात त्राण उरले नसतानाही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांतच ग्लोसॉप्टेरिसचे ठसे होते, आणि खंडे एकेकाळी जोडलेली होती या विचारास त्यांमुळे बळकटी आली.

आपल्या देशाची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तिच्यात २१ जण होते. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ साली, ‘दक्षिण गंगोत्री’ हा आपला पहिला तळ उभा राहिला. तो बर्फाच्या थरावर बांधलेला असल्याने हळूहळू हिमाखाली गाडला गेला व १९९० साली सोडून द्यावा लागला. ‘मैत्री’ (१९८९) व ‘भारती’ (२०१२) हे पुढील दोन तळ म्हणूनच उघड्या खडकावर उभारले आहेत. या कार्याची सूत्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत.

त्या तिसऱ्या मोहिमेत, आपल्या देशाच्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया होत्या. एक सुदीप्ता सेनगुप्ता, व दुसऱ्या नागपुरात जन्मलेल्या आणि पुणे विद्यापीठात शिकलेल्या डॉ. अदिती पंत. आपल्या वर्गातील मुलींस हे नाव आवर्जून सांगावे.

जीवसृष्टी

डॉ. पंत यांच्या अभ्यासाचा विषय समुद्रातील डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती हा होता. तेथील सारी जीवसृष्टी यांवरच उभी आहे. या वनस्पतींवर कोळंबीसारखा क्रिल नावाचा लहानसा जीव जगतो. क्रिलवर मासे, पेंग्विन, सील व महाकाय देवमासे जगतात. जमिनीवर मात्र शेवाळ, दगडफूल आणि बारीक कीटक याखेरीज फारसे काही आढळत नाही. सम्राट पेंग्विनची मादी अंडे घालून समुद्रावर जाते, आणि नर ते अंडे पायांवर धरून, पोटाच्या घडीखाली उबवत, हिवाळ्याच्या काळोखात सुमारे दोन महिने उपाशी उभा राहतो.

पांढरे अस्वल तेथे नाही. ते केवळ उत्तरेस, आर्क्टिक प्रदेशात असते. ग्रीक भाषेत ‘आर्क्टोस’ म्हणजे अस्वल. आपला ‘ऋक्ष’ हा संस्कृत शब्द त्याच्याच कुळातला. उत्तरेकडील आकाशातल्या ऋक्ष तारकासमूहावरून आर्क्टिक, आणि त्याच्या विरुद्ध बाजूचे ते अंटार्क्टिक. एवढी व्युत्पत्ती सांगितली, तरी अस्वलाची जागा मुले चुकणार नाहीत.

मनुष्यजीवन

एस्किमो म्हणून ओळखले जाणारे इन्युइट लोकही उत्तरेचेच. अंटार्क्टिकावर मूळचे रहिवासी कोणीही नाहीत. विविध देशांच्या तळांवर उन्हाळ्यात सुमारे पाच हजार व हिवाळ्यात हजारभर माणसे राहतात. हिवाळ्यात जहाजाची वाट गोठते. मग शास्त्रज्ञ, वैद्य, स्वयंपाकी व यंत्रकामगार यांनी एकमेकांच्या आधारानेच दिवस काढावयाचे असतात.

हे खंड कोणाही एका राष्ट्राच्या मालकीचे मानले जात नाही. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी करार करून ते शांतता व विज्ञान यांसाठी राखून ठेवले, आणि पूर्वीचे मालकीचे दावे बाजूस ठेवले. भारत १९८३ साली या करारात सामील झाला. १९९१ च्या पूरक करारान्वये तेथे खनिजे काढण्यास मनाई आहे. शेताच्या बांधावरून वाद होतात हे मुले घरीदारी पाहत असतात. एवढी विस्तीर्ण भूमी अनेक राष्ट्रे सामोपचाराने सांभाळू शकतात, हेही त्यांनी ऐकावे.

बर्फ आणि आपला समुद्र

शेवटी एक प्रयोग करून दाखवावा. दोन सारखी भांडी घ्यावीत. एकात पाणी घेऊन त्यावर बर्फाचा खडा तरंगत ठेवावा. दुसऱ्यात मोठा दगड ठेवून त्याचा माथा उघडा राहील इतके पाणी घालावे व बर्फ त्या माथ्यावर ठेवावे. दोन्हीकडील पाण्याच्या पातळीची खूण करावी. बर्फ वितळल्यावर पहिल्या भांड्यातील पातळी वाढत नाही, दुसऱ्यातील वाढते. उत्तर ध्रुवावरील समुद्राचे बर्फ पहिल्या प्रकारचे, तर अंटार्क्टिकाच्या भूमीवरचे बर्फ दुसऱ्या प्रकारचे होय. ते सर्वच्या सर्व वितळले, तर जगातील समुद्र सुमारे ५८ मीटरने चढेल. असे एकाएकी घडणार नाही; त्यास शतकानुशतके लागतील. परंतु २००२ सालापासून उपग्रहांनी केलेल्या मोजणीत असे आढळले आहे, की हे खंड दरवर्षी सरासरी शंभर अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावीत आहे.

आपली तापी सुरतेजवळ ज्या समुद्रास मिळते, तोच समुद्र भारती तळाच्या किनाऱ्यास भिडलेला आहे. तेथील बर्फाचे पाणी अखेर आपल्याच किनाऱ्यावर चढावयाचे. म्हणून हा पाठ केवळ परीक्षेपुरता उरकू नये. इयत्ता पाचवीपासून पुढच्या वर्गांत दोऱ्याचा व बर्फाचा असे दोन्ही प्रयोग मुलांकडूनच करवून घ्यावेत. बर्फ गावातील गोळेवाल्याकडेही मिळते. प्रयोगानंतर मुलांना प्रश्न विचारू द्यावेत, व त्यांची उत्तरे प्रथम त्यांनाच शोधावयास लावावीत.