खेळाडूंची खरेदी आणि हप्त्यांचा हिशोब

उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने आणि जानेवारी महिना आला की वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर युरोपातील फुटबॉल क्लबांच्या सौद्यांच्या बातम्या येऊ लागतात. अमुक खेळाडू दहा कोटी पौंडांना घेतला, तमुक आठ कोटी युरोंना दिला. तरुण मुले या बातम्या चवीने वाचतात. दुकान किंवा कारखाना चालविणाऱ्या माणसाच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न येतो: एवढी रोकड हे लोक आणतात कोठून?

याचे उत्तर असे की, बहुतेक वेळा ते एवढी रोकड आणतच नाहीत. मोठे सौदे सर्रास हप्त्यांवर होतात. थोडी रक्कम सही करताना आणि बाकीची दोन, तीन किंवा चार वर्षांत ठरलेल्या तारखांना दिली जाते. आपल्याकडे यंत्रमाग, शिवणयंत्र किंवा टेंपो ज्या पद्धतीने घेतला जातो, तीच ही पद्धत. म्हणूनच हा विषय खेळाच्या पानावरून उचलून आम्ही व्यापाराच्या पानावर आणला आहे. हप्त्याने देण्याची तारीख पुढे जाते, देणे कमी होत नाही, ही साधी गोष्ट विसरल्यामुळे एका नामांकित क्लबाला आपले मैदानसुद्धा विकावे लागले. ती हकीकत पुढे येईल. आधी व्यवहार समजून घेऊ.

विकले काय जाते?

खेळाडू विकला गेला असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. प्रत्यक्षात माणूस विकला जात नाही. त्याचा जुन्या क्लबाशी मुदतीचा करार असतो. ती मुदत संपण्यापूर्वी त्याला मोकळे करावे यासाठी नवा क्लब जुन्या क्लबाला मोबदला देतो. मुदत संपली की मोबदल्याचा हक्कही संपतो. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या दाव्यात दिलेल्या निकालानंतर युरोपीय संघातील खेळाडू करार संपताच विनामोबदला दुसरीकडे जाऊ शकतो.

यातून एक गोष्ट निघते. क्लबाने पाच वर्षांच्या कराराने घेतलेल्या खेळाडूची हिशोबातील किंमत दर वर्षी घटत जाते आणि पाच वर्षांनी शून्यावर येते. यंत्राचा घसारा लावतात तसेच हे आहे.

दोन वह्या

आता आकडे घेऊन पाहू. समजा, एका क्लबाने ५ कोटी पौंडांना खेळाडू घेतला. करार ५ वर्षांचा. पैसे द्यायचे ते असे: सही करताना २ कोटी, पुढच्या वर्षी दीड कोटी आणि त्यापुढील वर्षी दीड कोटी.

या क्लबाला दोन वह्या ठेवाव्या लागतात. पहिली नफा-तोट्याची. तिच्यात ५ कोटी पाच वर्षांवर समान वाटले जातात, म्हणजे दर वर्षी १ कोटी खर्च. खेळाडूचा पगार वर्षाला ५० लाख असेल तर या खेळाडूचा वार्षिक खर्च दीड कोटी धरला जातो. दुसरी वही रोकडीची. तिच्यात पहिल्याच वर्षी २ कोटी आणि पगाराचे ५० लाख असे अडीच कोटी बाहेर जातात, पुढील दोन वर्षे दोन-दोन कोटी, आणि शेवटची दोन वर्षे फक्त पगार.

दोन्ही वह्यांची पाच वर्षांची बेरीज साडेसात कोटीच येते. पण मधल्या कोणत्याही वर्षी दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. नफा-तोट्याच्या वहीत सगळे ठीक दिसत असताना तिजोरी रिकामी असू शकते. उधारीवर माल विकून कागदावर नफा दाखविणारा आणि पगाराच्या दिवशी हात उसने मागणारा कारखानदार आपल्या वाचकांनी पाहिलेलाच असेल.

आता याच खेळाडूला तीन वर्षांनी ४ कोटींना दिले असे धरा. वहीत त्याची किंमत २ कोटी उरलेली आहे. म्हणून २ कोटींचा नफा त्याच वर्षी जमा होतो, मग समोरचा क्लब पैसे तीन वर्षांत का देईना. क्लबाने लहानपणापासून स्वतःच घडविलेल्या मुलाची वहीतील किंमत जवळपास शून्य असते. तो गेला की मिळणारी जवळजवळ सगळी रक्कम नफा ठरते. खरेदीचा खर्च अनेक वर्षांवर पसरतो आणि विक्रीचा नफा एका दिवसात दिसतो. सगळा मोह येथेच आहे.

नियमांची लगाम

या मोहाची उदाहरणे ताजी आहेत. लंडनच्या चेल्सी क्लबाने जानेवारी २०२३ मध्ये एन्झो फर्नांडेस हा खेळाडू सुमारे १० कोटी ६८ लाख पौंडांना घेतला आणि त्याच्याशी साडेआठ वर्षांचा करार केला. पाच वर्षांवर वाटणी केली असती तर वर्षाला दोन कोटींहून अधिक खर्च दिसला असता. साडेआठ वर्षांवर तो सव्वा कोटीच्या आसपास येतो. हे पाहून युरोपच्या फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, २०२३ च्या जुलैपासून नियम केला की करार कितीही लांब असो, खर्चाची वाटणी पाच वर्षांपलीकडे धरली जाणार नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने डिसेंबर २०२३ मध्ये तोच नियम स्वीकारला.

प्रीमियर लीगचा त्या काळातील दुसरा नियम असा होता की तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांहून अधिक तोटा करता येणार नाही. खालच्या विभागातून वर आलेल्या क्लबांना ही मर्यादा आणखी कमी होती. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे हिशोबी वर्ष ३० जून २०२३ रोजी संपत होते. ब्रेनन जॉन्सन या आपल्याच घडविलेल्या खेळाडूला चांगला भाव यावा म्हणून क्लब थांबला आणि १ सप्टेंबरला ४ कोटी ७५ लाख पौंडांना त्याला टॉटेनहॅमकडे दिले. भाव चांगला मिळाला, पण नफा पुढच्या वर्षात गेला. मागील वर्षांचा तोटा मर्यादेबाहेर राहिला आणि मार्च २०२४ मध्ये क्लबाचे ४ गुण कापले गेले. व्यापारात भाव आणि वेळ दोन्ही सांभाळावे लागतात, याचा याहून स्पष्ट दाखला शोधून सापडणार नाही.

येणे हप्ते विकणे

विकणाऱ्या क्लबाचीही अडचण असते. त्याला तीन वर्षांत पैसे मिळणार, पण पगार दर महिन्याला द्यायचे. मग तो आपले येणे हप्ते बँकेकडे नेतो. बँक पूर्ण रकमेतून काही कापून बाकीची आज देते आणि पुढे हप्ते स्वतः वसूल करते. ऑस्ट्रेलियाची मॅक्वेरी बँक इंग्लंडच्या क्लबांशी असे व्यवहार करण्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या जुन्या पेढ्यांवर मुदतीची हुंडी वटविली जात असे, त्यातलाच हा प्रकार.

येथे आमच्या वाचकांनी एक फरक ध्यानात ठेवावा. सौद्याच्या वेळीच किंमत आणि मुदत पक्की करून हप्त्याने विकणे बहुतेक उलेमांनी जाइज मानले आहे. येणे रक्कम कमी करून बँकेला विकणे ही वेगळी गोष्ट असून, व्याजाच्या कारणावरून बहुतेकांनी तिला मनाई केली आहे. धार्मिक बाजू घडीभर बाजूला ठेवली तरी निव्वळ हिशोबानेही हे महागच पडते. चार कोटींचे येणे आज साडेतीन कोटींना विकले, तर खेळाडूचा खरा भाव साडेतीनच आला.

लीड्सची हकीकत

इंग्लंडमधील लीड्स युनायटेड हा जुना, मोठा क्लब. २००० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी रिओ फर्डिनंड या बचावपटूला १ कोटी ८० लाख पौंडांना घेतले. त्या वेळी इंग्लंडमधील तो सर्वांत मोठा सौदा होता. २००१ मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. या स्पर्धेत पैसा मोठा असतो. पुढील वर्षांतही आपण तेथे असूच असे धरून चालकांनी खर्च वाढविला, काही खेळाडू वित्त कंपनीमार्फत भाडेपट्टीने घेतले आणि पुढील अनेक वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर ६ कोटी पौंडांचे कर्ज उभारले.

पण त्या हंगामात देशी लीगमध्ये संघ चौथा आला होता, आणि चॅम्पियन्स लीगचे दार तेव्हा पहिल्या तिघांनाच उघडे होते. पुढील वर्षी तो पाचवा आला. धरलेले उत्पन्न आले नाही. हप्ते, पगार आणि कर्जफेड मात्र ठरलेल्या तारखेला आलीच. जुलै २००२ मध्ये फर्डिनंडला सुमारे ३ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे द्यावे लागले. पाठोपाठ इतर खेळाडू गेले. क्लबाची नड बाजाराला ठाऊक झाली होती आणि नडलेल्याला पूर्ण भाव कोण देतो? २००४ मध्ये संघ पहिल्या विभागातून खाली गेला. त्याच वर्षी एलंड रोड हे मैदान आणि सरावाची जागा विकून भाड्याने घ्यावी लागली. २००७ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या कारवाईत जाऊन तिसऱ्या विभागात घसरला. पुन्हा प्रीमियर लीगमध्ये येण्यास २०२० साल उजाडले. मधल्या काळात रोजगार गेले ते चालकांपेक्षा कार्यालयातील कारकुनांचे आणि मैदानावरील कामगारांचे.

घेतलेली वस्तू गेली तरी हप्ता राहतो

स्पेनच्या बार्सिलोनाने जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलकडून फिलिपे कुटिन्हो हा खेळाडू हप्त्यांवर घेतला. तो तेथे रुळला नाही म्हणून त्याला जर्मनीच्या बायर्न म्युनिककडे उसना दिला. १४ ऑगस्ट २०२० रोजी बायर्नने बार्सिलोनाचा ८-२ असा पराभव केला, त्यात दोन गोल याच कुटिन्होचे होते. त्या दिवशीही लिव्हरपूलला त्याचे हप्ते देणे बाकी होते. ऑगस्ट २०२१ मध्ये क्लबाच्या अध्यक्षांनी एकूण देणे १३५ कोटी युरोंच्या घरात असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात लिओनेल मेस्सीसारखा खेळाडू, खर्चमर्यादेमुळे त्याची नोंदणी करता येत नाही म्हणून, क्लबाला सोडावा लागला.

याहून करुण प्रसंग कार्डिफ क्लबाचा आहे. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या नांत क्लबाकडून एमिलियानो साला या खेळाडूचा १ कोटी ७० लाख युरोंचा सौदा हप्त्यांवर केला. २१ जानेवारीला तो विमानाने कार्डिफकडे येत असताना समुद्रावर अपघात झाला आणि वैमानिकासह त्याचा मृत्यू झाला. एकही सामना न खेळलेल्या खेळाडूचे पैसे द्यायचे की नाही, असा वाद उभा राहिला. फिफाने सप्टेंबर २०१९ मध्ये पहिला ६० लाख युरोंचा हप्ता देण्याचा आदेश दिला आणि लोझान येथील क्रीडा लवादाने ऑगस्ट २०२२ मध्ये तो कायम ठेवला. कारण, अपघातापूर्वी कागदपत्रे पूर्ण होऊन सौदा पक्का झालेला होता. जोखीम कोणत्या क्षणी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाते, विमा कोणी व केव्हा उतरवायचा, हे सही करण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. एका तरुणाच्या मृत्यूनंतर ते न्यायालयात पाहावे लागणे दोन्ही घरांना शोभणारे नाही.

हप्ता थकला तर?

येथे फुटबॉलच्या बाजाराकडून शिकण्यासारखे आहे. ठरलेली तारीख उलटून ३० दिवसांहून अधिक काळ हप्ता थकला की धनको क्लब लेखी नोटीस देऊन किमान १० दिवसांची मुदत देतो आणि मग फिफाकडे जातो. सबळ कारण नसेल तर फिफा दंड करते, आणि एक किंवा दोन नोंदणी-कालावधींत नवे खेळाडू नोंदविण्यास बंदीही घालू शकते. बाजारात खरेदीच बंद झाली तर क्लबाचा धंदा अडतो. या भीतीने पैसे बरेचसे वेळेवर येतात.

लहानांचा हिस्साही राखलेला आहे. आंतरराष्ट्रीय सौद्यात मोबदल्याचे ५ टक्के, खेळाडूला १२ ते २३ या वयात ज्या ज्या क्लबांनी शिकविले त्यांच्यात वाटले जातात. हप्ता आला की त्या प्रमाणात हा हिस्साही निघतो. गल्लीतील छोट्या क्लबाला पूर्वी तो मागत फिरावे लागे. नोव्हेंबर २०२२ पासून पॅरिस येथील फिफाच्या वाटप केंद्रामार्फत त्याची व्यवस्था झाली आहे. कारागीर घडविणाऱ्या उस्तादाचा वाटा अशा रीतीने हिशोबात धरणारे धंदे थोडेच आहेत.

अंदाजपत्रक कसे करावे?

शहाणे क्लब अंदाजपत्रक करताना एका तक्त्यात पुढील तीन-चार वर्षांचे महिने मांडतात. एका बाजूला देणे हप्ते आणि पगार, दुसऱ्या बाजूला येणे हप्ते, दूरदर्शनच्या हक्कांचे पैसे आणि तिकिटांचे उत्पन्न. जे उत्पन्न जिंकल्यावरच मिळणार ते तक्त्यात धरत नाहीत. संघ खालच्या विभागात गेला तर पगार आपोआप कमी होईल, असे कलम खेळाडूच्या करारात घालून ठेवतात. किमतीचा काही भाग अटीवर ठेवतात: खेळाडू इतके सामने खेळला तर इतके, संघ वर गेला तर इतके. त्यामुळे जास्त देण्याची वेळ येते ती बहुधा जास्त मिळाल्यावरच.

आमच्या वाचकांपैकी कोणी उद्या दहा कोटींचा खेळाडू घेणार नाही. पण नवा माग, नवे यंत्र, नवी गाडी हप्त्यावर घेण्याचा प्रसंग अनेकांवर येतो. त्या वेळी दोन वह्या समोर ठेवाव्यात. मोठा सण चांगला जाईल, अमुक ऑर्डर मिळेलच, असे धरून हप्ता ठरवू नये. मंदीच्या महिन्यातही निघेल एवढाच ठरवावा. तारीख, रक्कम, जोखीम आणि थकल्यास काय करायचे, हे सारे कागदावर लिहून साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. लीड्सच्या चालकांकडे हुशारीची कमतरता नव्हती. त्यांनी न आलेला पैसा आलेला समजला, एवढीच त्यांची चूक होती.