ट्रकच्या दाराची आत बसलेली मूठ

रस्त्याने जाणारा मालट्रक तुम्ही रोज पाहता. त्याला चाके किती, तो किती टन माल नेतो, घाट चढताना त्याचे इंजिन एवढे का गुरगुरते, असे प्रश्न तुम्ही विचारलेही असतील. पण त्याच्या दाराची मूठ तुम्ही कधी निरखून पाहिली आहे का? "मुठीत काय पाहायचे?" असे म्हणू नका. तळहाताएवढ्या या वस्तूत तरफ, जडत्व, केशाकर्षण आणि धातूंचे रसायनशास्त्र असे तुमच्या पाठ्यपुस्तकातले निम्मे धडे दडलेले आहेत.

जुन्या पद्धतीच्या ट्रकच्या दाराला पत्र्याबाहेर आलेली मूठ असते. ती फिरवली किंवा दाबली की दार उघडते. पुष्कळशा नव्या ट्रकच्या दारांना आणि बाजूला असलेल्या हत्यारांच्या पेट्यांना मात्र अशी मूठ दिसत नाही. तेथे पत्र्यात एक खोलगट वाटी बसवलेली असते आणि वाटीच्या तोंडाशी, पत्र्याच्या पातळीतच, एक पाते असते. पात्यामागे बोटे घालून ओढले की आतला खटका सुटतो. कुलपाची किल्लीही त्याच वाटीत लागते. अशी मूठ करण्याचा खटाटोप का केला असेल?

मूठ आत का गेली?

पहिले कारण माणसांच्या सुरक्षिततेचे आहे. अरुंद रस्त्यावर ट्रकच्या अगदी जवळून सायकलवाला जातो, पादचारी अंग चोरून उभा राहतो. अशा वेळी बाहेर आलेली मूठ म्हणजे चालता आकडाच! तिच्यात सदऱ्याची बाही, पिशवीचा बंद किंवा दप्तराचा पट्टा अडकला तर माणूस ओढला जातो. वाहनांच्या बाहेरील उंचवट्यांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली नियम केलेले आहेत. मोटारगाड्यांसाठी असलेल्या २६ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे दाराची मूठ ४० मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर येता कामा नये. मूठ दाराला समांतर फिरणारी असेल, तर तिचे मोकळे टोक गाडीच्या मागच्या दिशेला हवे आणि ते दाराकडे वळवलेले हवे. असे का, ते तुमच्या लक्षात आलेच असेल. गाडी पुढे जात असते. मोकळे टोक पुढे असेल तर ते गळासारखे अडकवते, मागे असेल तर वस्तू त्यावरून घसरून जाते.

दुसरे कारण साधे आहे. बाहेर आलेल्या मुठीत फांद्या आणि ताडपत्रीचे दोर अडकतात, गोदामाच्या भिंतीला घासून ती वाकते. वाटीतली मूठ यातून वाचते.

तरफेची करामत

आता पात्याकडे पाहू. त्याचे एक टोक खिळीभोवती फिरते, हा झाला टेकू. समजा, टेकूपासून बोटांपर्यंतचे अंतर ६० मिलिमीटर आहे आणि टेकूच्या पलीकडे खटक्याला ढकलणारी नखी १५ मिलिमीटरवर आहे. तुम्ही २० न्यूटन बलाने, म्हणजे सुमारे दोन किलोग्रॅमची वस्तू उचलायला लागते तेवढ्या बलाने पाते ओढले, तर नखी खटक्याला ८० न्यूटन बलाने ढकलते. बल चौपट झाले! पण फुकट काहीच मिळत नाही. बोटे ४० मिलिमीटर सरकतात तेव्हा नखी फक्त १० मिलिमीटर सरकते. वाटी फार उथळ केली तर बोटे शिरत नाहीत आणि पाते पुरेसे फिरत नाही. फार खोल केली तर ती दाराच्या काचेच्या आड येते, कारण काच त्याच पोकळीत खाली उतरते.

आत एक पंज्यासारखे चाक असते. दार लोटले की चौकटीवरची खुंटी पंज्यात शिरते, पंजा फिरून तिला कवटाळतो आणि खटका पंज्याला अडवून धरतो. म्हणूनच गाडीचे दार लावताना किल्ली किंवा मूठ फिरवावी लागत नाही. पंज्याला बहुधा दोन खाचा असतात. दार अर्धवट लागले तरी पहिली खाच त्याला धरून ठेवते.

एका ओढीत उघडावे, पण आपोआप उघडू नये

या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि खरी कसोटी येथेच लागते. समजा, एक वाहन ट्रकच्या डाव्या बाजूवर आदळले. ट्रक एकाएकी उजवीकडे ढकलला जातो. पण डाव्या दाराचे पाते जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहते. म्हणजे दाराच्या मानाने ते बाहेर ओढले गेले! कोणी हात न लावता मूठ ओढली गेल्यासारखे झाले.

हे बल केवढे? अमेरिकेच्या दारांविषयीच्या सुरक्षा नियमात, गुरुत्वत्वरणाच्या ३० पट त्वरण झाले तरी खटका सुटू नये अशी अट आहे. आपले पाते १५० ग्रॅमचे धरू. बल = ०.१५ × ३० × ९.८, म्हणजे सुमारे ४४ न्यूटन. हे बल पात्याच्या गुरुत्वमध्याशी लागते. तो टेकूपासून बोटांच्या निम्म्या अंतरावर आहे असे मानले, तर बोटांच्या जागी मोजलेले बल २२ न्यूटन भरते. दार उघडायला तर २० न्यूटनच पुरत होते! म्हणजे ऐन अपघातात दार उघडून आतला माणूस बाहेर फेकला जाण्याचा धोका.

यावर उपाय काय? स्प्रिंग कडक करावी, तर रोज शंभरदा चढउतार करणाऱ्या क्लीनरची बोटे दुखतील. म्हणून अभियंते टेकूच्या दुसऱ्या बाजूला एक लहान वजन लावतात. धक्क्याच्या वेळी पाते एका दिशेने फिरू पाहते आणि वजन त्याला उलट दिशेने फिरवू पाहते. तराजूच्या दोन पारड्यांसारखा समतोल साधतो. हात मात्र एकाच पारड्याला ओढतो, त्यामुळे रोजचे काम जड होत नाही. पाते हलक्या प्लॅस्टिकचे केले तरी हे बल कमी होते. याच नियमाप्रमाणे पूर्ण लागलेल्या खटक्याने ११,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ११०० किलोग्रॅम वजनाएवढा ताण सोसला पाहिजे.

दुसरी बाजूही विसरू नका. अपघातानंतर मदतीला धावलेल्या माणसाला बाहेरून दार उघडता आले पाहिजे. काही विद्युत मोटारींच्या मुठी पत्र्यात पूर्ण लपतात आणि लहान मोटरच्या जोरावर बाहेर येतात. वीजपुरवठा तुटला तर त्या लपलेल्याच राहण्याची भीती असते. ट्रकची वाटीतली मूठ या बाबतीत साधी आणि भरवशाची आहे. तिला वीज लागत नाही आणि अंधारातही ती हाताला सापडते.

पाणी आत कसे शिरते?

मूठ आत बसवण्याची किंमतही मोजावी लागते. वाटी म्हणजे पाऊस साठवणारे भांडेच. पाणी तीन वाटांनी शिरते. पहिली वाट गुरुत्वाकर्षणाची: ते वरून खाली ओघळते. दुसरी केशाकर्षणाची: दोन पत्र्यांमधल्या बारीक फटीत पाणी वरही चढते. तिसरी वाऱ्याच्या दाबाची. ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने जाणाऱ्या ट्रकच्या समोरच्या भागावर हवेचा जादा दाब सुमारे ३०० पास्कल असतो. हा दाब पाण्याला सुमारे ३ सेंटिमीटर वर चढवू शकतो! दारावर तो इतका नसतो, काही ठिकाणी तर उलट ओढ असते. पण आत आणि बाहेर दाबात फरक पडला की फटीतले पाणी आणि धूळ कमी दाबाकडे जाणारच. ट्रकच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ त्यात घुटमळते. म्हणून मागच्या दारांवर धुळीचा थर जास्त दिसतो.

उपायही तीन आहेत. वाटीचा तळ उतरता करतात आणि सर्वांत खालच्या जागी छिद्र ठेवतात. हे छिद्र फार बारीक असून चालत नाही. २ मिलिमीटरच्या छिद्रात पृष्ठताणामुळे सुमारे दीड सेंटिमीटर उंचीचे पाणी अडून राहू शकते. चिखलानेही ते लगेच बुजते. दुसरा उपाय म्हणजे वाटीला मागून भोक न ठेवणे. पात्याची खिळी जेथे वाटीतून आत जाते तेथे रबरी कडे बसवतात. तिसरा उपाय म्हणजे वाटी आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये दबून बसणारी रबरी पट्टी.

ही पट्टी कोणत्या रबराची हवी? नैसर्गिक रबराच्या लांबलचक रेणूंमध्ये कार्बनचे दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन नेमका तेथे हल्ला करतो आणि ताणलेल्या रबराला भेगा पडतात. इथिलीन आणि प्रोपिलीन यांपासून बनवलेल्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत असे दुहेरी बंध नसतात. म्हणून ऊन, पाऊस आणि ओझोन यांना ते वर्षानुवर्षे दाद देत नाही. त्यात काजळी मिसळतात. ती जंबुपार किरण शोषून घेते. दारांच्या पट्ट्या बहुधा काळ्या का असतात, याचे उत्तर तुम्हाला मिळाले!

भारतात १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. दाराच्या फटीतून गार हवा निसटली तर इंधन वाया जाते, म्हणून या पट्टीचे महत्त्व आणखी वाढले आहे.

गंजाशी सामना

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज आलाच. मीठ असेल तर तो वेगाने वाढतो. कोकणच्या किनाऱ्याने धावणाऱ्या ट्रकला याचा अनुभव येतो. पोलादावर जस्ताचा मुलामा दिला तर जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. मुलाम्यावर ओरखडा पडला तरी हे संरक्षण चालूच राहते.

स्टेनलेस स्टीलची युक्ती निराळी आहे. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि खरवडला तर हवेत पुन्हा जमतो. समुद्राच्या मिठातील क्लोराइड मात्र या थराला टोचून भोके पाडते. म्हणून किनाऱ्यासाठी दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घातलेले ३१६ क्रमांकाचे पोलाद निवडतात.

आणखी एक सापळा आहे. स्टेनलेस स्टीलची वाटी ॲल्युमिनिअमच्या दारावर थेट बसवली आणि मध्ये खारट पाणी शिरले, तर एक विद्युतघटच तयार होतो. त्यात ॲल्युमिनिअम झिजते. अशा वेळी ती रबरी पट्टी दोन धातूंना अलग ठेवण्याचेही काम करते.

वाटीतले कुलूप

खुंट्यांचे लाकडी कुलूप प्राचीन इजिप्तमध्येही होते. त्याच तत्त्वावर अमेरिकेत लायनस येल यांनी १८६० नंतरच्या दशकात चपट्या किल्लीचे सुटसुटीत कुलूप बनवले. आपल्याकडे आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलुपांचा कारखाना काढला. ट्रकच्या मुठीत पुष्कळदा पितळी चकत्यांचे कुलूप असते. किल्ली नसताना चकत्या स्प्रिंगमुळे सरकून नळीबाहेरच्या खाचेत अडकतात. योग्य किल्लीचे दाते प्रत्येक चकतीला नेमके हवे तेवढे सरकवतात, सर्व चकत्या नळीच्या आत येतात आणि नळी फिरते. चकत्या ६ आणि प्रत्येकीच्या ४ उंची असतील तर किती प्रकारच्या किल्ल्या होतील? ४ चा सहावा घात, म्हणजे ४०९६.

किल्लीच्या भोकात पाणी जाऊ नये म्हणून त्यावर स्प्रिंगचे झाकण असते. हिमालयातील रस्त्यांवर याची फार गरज असते, कारण पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि चकत्या जागीच जखडतात. कुलपात घट्ट तेल घालू नये. धूळ त्याला चिकटून खळ बनते. ग्राफाइटची कोरडी पूड बरी.

मुठीची परीक्षा

मूठ "पाऊस-धूळ-रोधक" आहे असे नुसते म्हणून भागत नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीत यासाठी दोन अंक देतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. "आयपी ६५" मधील ६ म्हणजे धूळ मुळीच आत जात नाही. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा फवारा कोणत्याही बाजूने मारला तरी अपाय होत नाही. गंजासाठी ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पेटीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचे धुके सोडतात. पण या पेटीतले तास म्हणजे रस्त्यावरची वर्षे नव्हेत. दोन मुलाम्यांची तुलना करायला ही परीक्षा चांगली, भविष्य सांगायला नव्हे.

तुम्ही करून पाहा

१. तीन स्वच्छ लोखंडी खिळे घ्या. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला तांब्याची तार गुंडाळा, तिसऱ्याला जस्ताची पट्टी घट्ट बांधा. तिन्ही वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात ठेवून आठवडाभर नोंदी करा. कोणता खिळा जास्त गंजला आणि का?

२. दोन सारखी रबरबँडे दोन लाकडी तुकड्यांवर ताणून बसवा. एक गच्चीवर उन्हात, दुसरे बंद डब्यात ठेवा. महिन्याने भिंगातून पाहा.

३. थांबलेल्या ट्रकच्या दाराची मूठ चालकाची परवानगी घेऊन आणि शिक्षकांसोबत पाहा. मोकळे टोक कोणत्या दिशेला आहे? पाणी जायला छिद्र आहे का? ते बुजलेले तर नाही ना? बुजले असेल तर चालककाकांना जरूर सांगा. काडीने ते साफ करायला अर्धा मिनिटही लागणार नाही आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांचे कुलूप गंजण्यापासून वाचेल.