शिंगे ठेवावीत की काढावीत?

निपाणीच्या तंबाखूच्या शेतांत राबणाऱ्या खिलार बैलाची शिंगे हे त्याचे वैभव होय. बेंदराला ती रंगविली जातात, बाजारातही त्याचे मोल वाढवितात; ती खुशाल राखावीत. परंतु घरालगतच्या गोठ्यात, मुलाबाळांच्या वावरात बांधलेल्या संकरित दुभत्या गाईस शिंगांचा उपयोग तो काय? मारक्या बैलाची खोड ठाऊक असूनही त्यास न आवरणाऱ्या धन्याला पवित्र शास्त्रातील निर्गम ग्रंथाचा २१ वा अध्याय दोषी धरतो. म्हणून अशा कालवडीचे शिंगांचे कोंब पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच पशुवैद्याकडून, जागा बधिर करवून, डागून घ्यावेत. तोवर ते कवटीस जुळलेले नसतात. वाढलेले शिंग कापणे म्हणजे रक्तस्राव व यातना. लेकरांची काळजी घेताना मुक्या जिवावरील दयेचाही विसर पडू नये.