रिपोर्टातले चार आकडे आणि यकृताची खुशाली

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असं लिहून आलं की घरात दोन तट पडतात. एक तट त्याच संध्याकाळपासून तेल-तूप बंद करतो, दुसरा म्हणतो, ‘अहो, हल्ली सगळ्यांनाच असतं ते.’ यकृतात चरबी आहे की नाही, एवढ्याचभोवती दोघंही फिरत राहतात. खरं विचारायला हवं ते वेगळंच: त्या चरबीपायी यकृतात व्रण पडायला लागलेत का? याचा पहिला अंदाज बांधायला लागणारे आकडे पुष्कळदा आपल्या कपाटातल्या फाइलीत आधीपासून असतात.

आधी क्रम समजून घेऊ. यकृताच्या पेशींत चरबी साठते. काही जणांत त्या चरबीमुळे सूज येते. सूज वर्षानुवर्षं राहिली तर मेलेल्या पेशींच्या जागी चिवट तंतू तयार होतात, याला फायब्रोसिस म्हणतात. ते वाढत वाढत सगळं यकृत गाठाळ, कडक झालं की सिऱ्हॉसिस. प्रत्येकाची गाडी शेवटच्या टप्प्यापर्यंत जात नाही, बहुतेकांची नाहीच जात. ज्यांची जाते त्यांना मात्र फार उशिरापर्यंत काही दुखत-खुपत नाही, हीच यातली अडचण.

सोनोग्राफीतला ग्रेड हा चरबीचा असतो, व्रणांचा नव्हे. ‘ग्रेड १’ असूनही फायब्रोसिस असू शकतो आणि ‘ग्रेड ३’ असूनही नसू शकतो. शिवाय चरबी थोडी, म्हणजे साधारण वीस-तीस टक्क्यांहून कमी पेशींत असली, तर सोनोग्राफीला ती बरेचदा दिसतही नाही.

हा हिशेब कोणी करावा? टाइप २ मधुमेह असलेल्या प्रत्येकाने. पोट सुटलेलं, ट्रायग्लिसराइड्स १५० च्या वर, रक्तदाब वाढलेला, उपाशीपोटीची शुगर १०० च्या पुढे, यांतलं काही असेल त्यानेही. ‘मी तर बारीक आहे’ ही सबब इथे चालत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कंबरेच्या टेपवर जास्त विश्वास ठेवावा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की सावध व्हायचं.

आता फाइल काढा. आपल्याला दोन तपासण्या हव्यात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एलएफटी (यकृताची तपासणी). दोन्ही एकाच दिवशीच्या रक्तावर झालेल्या असाव्यात. गेल्या दिवाळीतली एक आणि या पावसाळ्यातली दुसरी, अशी मोट बांधू नये. त्यांतून तीन आकडे घ्यायचे: एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. काही लॅब एसजीओटीला एएसटी आणि एसजीपीटीला एएलटी लिहितात, वस्तू त्याच. चौथा आकडा आपलं वय.

या चौघांनाच का बोलवायचं? एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आतली विकरं, म्हणजे रासायनिक कामं घडवणारी प्रथिनं. पेशी दुखावली की ती रक्तात झिरपतात. सुरुवातीच्या काळात सहसा एसजीपीटी जास्त असतं, व्रण वाढत गेले की एसजीओटी त्याच्या पुढे जाऊ लागतं. प्लेटलेटचा संबंध थोडा आडवळणाचा आहे. यकृत कडक झालं की त्यातून वाहणाऱ्या रक्ताला अडथळा होतो, मागे दाब वाढतो, प्लीहा (पाणथरी) फुगते आणि प्लेटलेट आपल्यात अडकवून ठेवते. प्लेटलेट बनवायचा इशारा देणारं संप्रेरकही यकृतातच तयार होतं, तेही कमी पडतं. म्हणून व्रण वाढले की प्लेटलेट हळूहळू उतरतात. आणि वय अशासाठी की व्रण पडायला वर्षं लागतात.

या चौघांना एका सूत्रात बांधलं २००६ साली, तेही एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी असे दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णांसाठी. पुढे ते फॅटी लिव्हरलाही उपयोगी पडतं असं दिसलं. नाव फिब-४. सूत्र असं: वय गुणिले एसजीओटी, हे वर. प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, हे खाली. वरच्याला खालच्याने भागायचं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो प्लेटलेटच्या एककात. सूत्राला प्लेटलेट हजारांत हव्या असतात. आपल्या लॅब मात्र तीन तऱ्हांनी लिहितात: कुठे ‘१.५२ लाख’, कुठे ‘१,५२,०००’, कुठे नुसतं ‘१५२’. तिन्हींचा अर्थ एकच, आणि सूत्रात घालायचा आकडा १५२. लाखांत लिहिलं असेल तर शंभराने गुणा, पूर्ण आकडा असेल तर हजाराने भागा.

एक उदाहरण करून पाहू. समजा वय ६०, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १.५२ लाख. वर ६० गुणिले ३८, म्हणजे २२८०. खाली ३६ चं वर्गमूळ ६, ते गुणिले १५२, म्हणजे ९१२. उत्तर आलं २.५. याच उदाहरणात प्लेटलेट १.५२ अशाच घातल्या तर उत्तर येतं २५०, तेव्हा चूक लगेच कळते. वर्गमूळ काढायचं राहिलं तर मात्र येतं ०.४२, आणि माणूस खोट्या समाधानात घरी बसतो. वर्गमूळाचं चिन्ह मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर असतं, शोधायला लागलं तरी शोधा.

या उदाहरणातला एकही आकडा बऱ्याच लॅबच्या रिपोर्टात ठळक छापला जाणार नाही. एसजीओटी ४० च्या आत, प्लेटलेट दीड लाखाच्या वर, सगळं ‘नॉर्मल’. तरीही २.५ हे उत्तर पुढची तपासणी करायला सांगतं. ठळक छापलेलं तेवढंच वाचायची आपली सवय इथे नडते. एसजीपीटी नॉर्मल म्हणजे यकृत ठणठणीत, असं नसतं. सिऱ्हॉसिसमध्येसुद्धा ते नॉर्मल येऊ शकतं.

उत्तर वाचायचं कसं? १.३ पेक्षा कमी आलं तर मोठा फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी. पासष्टीच्या पुढे ही खालची रेघ २.० धरतात, कारण वय वरच्या बाजूला असल्याने आकडा आपोआप फुगतो. २.६७ च्या वर गेलं तर धोका जास्त, यकृताच्या डॉक्टरांना दाखवायचं. मधलं आलं तर हो किंवा नाही यांपैकी काहीच ठरत नाही, दुसरी तपासणी लागते. पस्तिशीच्या आतल्यांनी या सूत्रावर विसंबू नये, त्या वयात ते नीट चालत नाही.

फिब-४ ‘नाही’ म्हणतं तेव्हा बरंच विश्वासार्ह असतं, ‘हो’ म्हणायला मात्र ते कच्चं आहे. त्यामुळे मोठा आकडा आला म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही. आणखी एक फसवी जागा: एसजीपीटी भागणाऱ्याच्या बाजूला असल्याने ते खूप वाढलं तर उत्तर उलट खाली येतं. एसजीपीटी दोनशे-तीनशे असताना ‘फिब-४ तर कमी आहे’ म्हणून खूश होऊ नये, त्या वाढीचं कारण वेगळं शोधावं लागतं.

रक्त कधी दिलं, यावरही खूप काही असतं. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढतं, म्हणजे सूत्र दोन्हीकडून बिघडतं. पावसाळ्यातल्या तापाच्या रिपोर्टावर हा हिशेब अजिबात करू नये, पूर्ण बरं होऊन काही आठवडे जाऊ द्यावेत. एसजीओटी स्नायूंतही असतं, त्यामुळे जोरदार व्यायामानंतर किंवा लांब पल्ला धावून आल्यावर ते वाढलेलं दिसतं. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरीही वाढतं. कधी प्लेटलेट नळीतच एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला कमी दिसतात. अचानक कमी आलेला आकडा पाहिला की लॅबला स्लाइडवर पुन्हा पाहायला सांगा, त्यांना ते नवीन नसतं.

दारू किती, हे डॉक्टरांना खरं सांगा. ‘कधीतरी’ या उत्तरावरून काहीच कळत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी एकदा तरी झालेली असावी, कारण व्रण त्यांच्यामुळेही पडतात. घेत असलेले काढे, चूर्णं, ‘लिव्हर टॉनिक’ हेही सांगा. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले काही रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण आपल्या डॉक्टरांपासून लपवण्याजोगं त्यात काही नाही.

उत्तर मधलं किंवा वरचं आलं तर पुढची पायरी बहुधा फायब्रोस्कॅन. बरगड्यांवरून हलकासा ठोका देऊन यकृत किती कडक आहे ते हे यंत्र मोजतं. सुई नाही, दुखत नाही. आकडा किलोपास्कलमध्ये येतो, आठच्या खाली असला तर मोठ्या फायब्रोसिसची शक्यता कमी. जाताना किमान तीन तास काही खाऊ नका, जेवून गेलात तर आकडा खोटा चढतो. रिपोर्टात कॅप नावाचा दुसरा आकडा असतो तो चरबीचा, दोन्हींची गल्लत करू नका.

फिब-४ कमी आलं तर मधुमेह असणाऱ्यांनी एक-दोन वर्षांनी आणि जोखीम कमी असलेल्यांनी दोन-तीन वर्षांनी हिशेब पुन्हा करायचा. जमलं तर त्याच लॅबमध्ये, आणि तारखेसकट चारही आकडे फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचे. प्लेटलेट २.६ लाखांवरून २.१, मग १.७ अशा उतरत गेल्या असतील तर ते एकेका रिपोर्टात दिसत नाही, एकाखाली एक लिहिल्यावर दिसतं.