सात वाजताचा भोंगा

मोहित्यांचे वडगाव हे सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील सुमारे ३ हजार लोकवस्तीचे गाव. २०२२ सालच्या स्वातंत्र्यदिनी या गावाने स्वतःला एक नियम लावून घेतला. सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला, की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला भोंगा पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. कोरोनाच्या काळात शाळा बंद पडल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हातात मोबाईल आला. शाळा उघडल्या तरी तो सुटेना, म्हणून हा खटाटोप.

ग्रामपंचायतीत विषय प्रथम निघाला तेव्हा पुरुषमंडळी हसली होती. मग सरपंच विजय मोहिते यांनी महिलांची ग्रामसभा बोलावली. मालिका आणि मोबाईलपायी आपलाही वेळ जातो, हे माताभगिनींनी उघड सांगितले आणि भोंगा घ्यायचे ठरले. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून आठवण करून देत होते.

आम्हांला यातले मोल वाटते ते असे, की नियम फक्त पोरांना नव्हता. बापाने खाटेवर पडून व्हिडिओ बघायचे आणि पोराला म्हणायचे, ‘अभ्यास कर’, हे आपल्याकडे सर्रास चालते. बंगल्यातल्या मुलाला दार तरी लावून घेता येते. आपल्या वस्तीत, साताऱ्यात काय नि मिरजेत काय, एक खोली आणि मध्ये पत्र्याची भिंत. शेजारची मालिका आपल्याच घरात चालू असते. एका घराने टीव्ही बंद करून शांतता होत नाही, ती सगळ्या गल्लीने मिळून करावी लागते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेले बाबासाहेब पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहून शिकले. तेव्हा सुभेदार रामजी त्यांना लवकर झोपवीत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवीत.

जपानकडे पाहा. १९९९ सालीच तिथे मोबाईलवर इंटरनेट आले. तरी रेल्वेच्या डब्यात फोन वाजू द्यायचा नाही, फोनवर बोलायचे नाही, ही रीत लोक पाळतात. आपल्या एसटीत एकाचा व्हिडिओ साऱ्या गाडीला ऐकावा लागतो! त्याच जपानात तोयोआके नावाच्या शहराने १ ऑक्टोबर २०२५ पासून नियम केला, की मोबाईल दिवसाला २ तासच पाहावा. प्राथमिक शाळेतल्या मुलांनी रात्री ९ नंतर तो हाती घेऊ नये. दंड मात्र नाही. आणि नोकरीचे काम व अभ्यास या दोन तासांत धरलेले नाहीत.

ही शेवटची गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. आपल्या पुष्कळ घरांत चांगला मोबाईल एकच असतो आणि तो बापाबरोबर कामावर जातो. बाप सातला घरी येतो. शाळेच्या ग्रुपवर आलेला गृहपाठ मुलीला तेव्हाच उतरवून घ्यायचा असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, तर ओटीपी त्याच फोनवर. उद्या काम आहे की नाही, हे मुकादमही त्याच सुमारास कळवतो. अशा घरात सातचा भोंगा मुलीच्याच मुळावर येईल.

म्हणून वडगावची वेळ जशीच्या तशी उचलू नये. आठ ते साडेनऊ ठेवावी, आणि सात ते आठ फोन आधी मुलीच्या हाती द्यावा. मुलगा मित्राचा फोन मागून आणतो, मुलीला तेवढीही मोकळीक नसते. बाकी भोंगा विकत घ्यायची गरज नाही. विहाराचा लाऊडस्पीकर आहेच, तो कोणी लावायचा एवढे ठरले की झाले. वेळ मात्र पुरुषांच्या बैठकीत ठरवू नये, गल्लीतल्या बायांना विचारून ठरवावी.