एका बांधीतील पाच सृष्टी

आषाढ-श्रावणात गोंदिया जिल्ह्याचे रूप पालटते. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा प्रदेश. रोवणी आटोपली, की बांधीबांधीतून पाणी साचून राहते आणि त्यावर कोवळे धान डुलू लागते. पाहणाऱ्यास वाटते, की येथे धानावाचून दुसरे काहीच नाही. परंतु त्या एका बांधीत सजीवांच्या पाचही सृष्टी नांदत असतात. त्या ओळखावयाच्या, तर डोळ्यांच्या जोडीला सूक्ष्मदर्शक हवा.

१६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाच्या पातळ कापात पोळ्यासारखी बारीक घरे पाहिली. त्याच पेशी होत. पुढे असे दिसून आले, की प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. मात्र सर्वांच्या पेशी सारख्या नसतात. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांच्या पाच सृष्टी मानल्या, त्यांत पेशीच्या रचनेस महत्त्वाचे स्थान दिले.

पेशींची तुलना करताना तीन प्रश्न विचारावेत. पेशीत केंद्रक आहे काय? पेशीभोवती भित्तिका आहे काय, आणि असल्यास कशाची? पेशीत हरितलवके आहेत काय?

धानाच्या पेशीत केंद्रक असते, सेल्युलोजची भित्तिका असते, आणि हिरव्या पानांतील पेशींत हरितलवकेही असतात. ही वनस्पती. बांधावरच्या बेडकाच्या पेशीत केंद्रक असते, पण भित्तिका नसते व हरितलवकेही नसतात. हा प्राणी. पाण्यातील अमीबाचे सारे शरीर म्हणजे केंद्रक असलेली एकच पेशी. त्याची गणना प्रोटिस्टा सृष्टीत होते.

आता डोळ्यांना चकविणारे दोन जीव पाहू. कुजक्या तणशीवर उगवलेली अळंबी झाडासारखी एका जागी उभी असते. म्हणून पूर्वी तिला वनस्पतींत गणीत. परंतु तिच्या पेशीत हरितलवके नाहीत, आणि तिच्या भित्तिकेत कायटिन आहे. खेकड्याच्या कवचातही हेच द्रव्य असते! म्हणून कवकांची सृष्टी निराळी मानली गेली. दुसरा जीव म्हणजे बांधीतील निळे-हिरवे शेवाळ. त्यात हरितद्रव्य असते, पण हरितलवक नसते आणि केंद्रकही नसते. ते जिवाणूंचे भावंड असून मोनेरा सृष्टीत मोडते. त्याच्या काही जाती हवेतील नायट्रोजन धानाच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणतात.

ही तुलना केवळ पुस्तकापुरती आहे, असे कोणी समजू नये. धानावर करपा पडतो, तसाच कडाकरपाही पडतो. नावे जवळची, परंतु करपा हा कवकाचा रोग, तर कडाकरपा जिवाणूंचा. करप्यात पानांवर दोन्ही टोकांस निमुळते, मध्ये राखी असे ठिपके दिसतात. कडाकरप्यात पान टोकाकडून कडेकडेने पिवळे पडून वाळत जाते. अशा रोगट पानाचा ताजा तुकडा कापून पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरला, तर कापलेल्या कडेतून दुधी धार पाण्यात उतरू लागते. ती असंख्य जिवाणूंची असते.

केवळ कवकांवर चालणारे औषध या जिवाणूंचे काहीच बिघडवीत नाही. कारण दोघांच्या पेशींची घडणच वेगळी. रोग न ओळखता फवारणी केली, तर पैसा जातो, दिवस जातात, आणि डोळ्यांदेखत पीकही जाते.

वरवरच्या रूपावरून नाते ठरवू नये, हे ही चिमुकली पेशी शिकविते. पण ती आणखीही एक गोष्ट सांगते. धान, बेडूक, अमीबा, अळंबी आणि शेवाळ या पाचांत कितीही भेद असले, तरी प्रत्येकाचे जीवन पेशीतच चालते. बांधीच्या काठावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचेही तसेच आहे.