क्वांटम म्हणजे केवळ संगणक नव्हे

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, तेव्हापासून क्वांटम म्हणजे अतिवेगवान संगणक हा समज पक्का होत चालला आहे. त्यातूनच दुसरा गैरसमज निघतो : हे काम आयआयटीवाल्यांचे, सोलापूरच्या महाविद्यालयांतले प्रकाशाचे जुने प्रयोग केवळ मार्कांपुरते. वस्तुस्थिती वेगळी आहे. मिशनमध्ये संगणनाच्या बरोबरीने संदेशवहन, संवेदन-मापन आणि पदार्थ-उपकरणे ही क्षेत्रेही आहेत. यांतल्या बऱ्याच कामांत प्रकाश काटेकोर हाताळावा लागतो.

बीएस्सी-एमएस्सीला भेटणारा मायकेलसनचा इंटरफेरोमीटर घ्या. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. एक आरसा मिलिमीटरचा दहावा हिस्सा सरकवला की व्यतिकरणाचे सुमारे ३१६ काळे-उजळ पट्टे डोळ्यांसमोरून सरकतात, टेबलाला कोपर लागला तरी ते थरथरतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा मुळात हाच प्रयोग आहे, फक्त तिच्या भुजा ४-४ किलोमीटरच्या. अमेरिकेतल्या लायगोत तर २०१९ पासून प्रकाशाचा क्वांटम गोंगाट दाबण्यासाठी खास घडवलेला ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश वापरतात. जुना प्रयोग कुठे संपतो आणि क्वांटम तंत्रज्ञान कुठे सुरू होते, हे इथे सांगताच येणार नाही.

यावर कुणी म्हणेल, क्वांटम प्रयोगांना लागणारे, एकेक फोटॉन म्हणजे प्रकाशकण टिपणारे डिटेक्टर महाग, ते कुठून आणायचे? आक्षेप खरा आहे. साध्या साहित्यावरही बरेच जमते : भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९०९ मध्ये गॅसची ज्योत, काजळी धरलेल्या काचा आणि शिवणाची सुई एवढ्यावर प्रयोग केला. प्रकाश इतका मंद, की एका छायाचित्राला सुमारे २,००० तास लागले, तरी सुईच्या सावलीतले पट्टे तसेच उमटले. मात्र नुसता मंद प्रकाश फोटॉनचा पुरावा ठरत नाही. एकट्या फोटॉनचे व्यतिकरण निर्विवादपणे दाखवायला १९८६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आलँ आस्पे आणि सहकाऱ्यांना खास प्रकाशस्रोत आणि डिटेक्टरच लागले. पण महाग सामग्री विद्यापीठात एकदा आणून अनेक महाविद्यालयांना वाटून वापरता येते. आरसे जुळवणारा हात मात्र ज्याचा त्यालाच घडवावा लागतो. तेव्हा प्रॅक्टिकलच्या वहीत ठरलेले उत्तर उतरवून घेणे आधी थांबवावे आणि आपल्या मापनात त्रुटी किती व कशामुळे आली, याचे मार्क विद्यार्थ्याला द्यावेत. त्यासाठी कुठल्याही मिशनच्या निधीची वाट पाहावी लागत नाही.